पाहुण्याकडे फिरवलेला कूलर

दीप्ती कामावरून घरी आली तेव्हा शेजारच्या भिंतीला शिडी लावून एक माणूस उभा होता, आणि त्याचं तोंड सरळ तिच्या अंगणाकडे होतं.

फेब्रुवारी सरत आला होता. नागपूरच्या मनीषनगरातलं ऊन अजून माणसांत होतं. अंगाला लागायचं, पण चावायचं नाही. दोरीवर तिच्या ओढण्या वाळत होत्या. तिने फाटकाची कडी हातातच धरली आणि वर पाहिलं.

“काय पाहून राहिले?”

वरचा माणूस दचकला. शिडी हलली. त्याने हातातला पांढरा कॅमेरा पुढे केला.

“मी नाही... हा पाहते. प्रयागकाकूंनी लावाले सांगतला. त्यांच्या झाडाचे पेरू कोणीतरी तोडून राहिलं म्हणे.”

प्रयागबाईंच्या पेरूची एक फांदी भिंतीवरून वाकून दीप्तीच्या अंगणात आली होती. रोज दुपारी दीप्ती त्या फांदीचा एक पेरू तोडायची, चार फोडी करायची, वर मीठ आणि भिवापूरचं तिखट भुरभुरायची. ही गोष्ट तिला आणि त्या फांदीलाच ठाऊक होती. आताही तिची नजर आपसूक तिकडे गेली... आणि शिडीवरच्या माणसाने ती नजर पाहिली.

त्याने कॅमेरा हळूच चार बोटं डावीकडे फिरवला.

“आता फांदी नाही दिसत,” तो म्हणाला. “फक्त फाटक दिसते. चोर फाटकातून येत असन, तं सापडन.”

दीप्तीने ओठ घट्ट मिटले. पण हसू काय, दार लावलं म्हणून आत राहतं होय? ते डोळ्यांतून निसटलंच.

त्याचं नाव प्रशिक. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं कॅमेऱ्यांचं आणि इंटरनेटच्या तारांचं छोटं दुकान होतं. हे तिला पाचच मिनिटांत कळलं, कारण घरातून तिच्या बाबांनी, गोपाळरावांनी, हाक दिली, की त्या पोराला तारांतलं समजत असेल तर जरा आत पाठव.

गोपाळरावांनी भिवापूर तालुक्यात तीस वर्षं टपाल वाटलं होतं. आणि हिवाळा लागून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकं सुरू झाली, की ते विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे. नट अडला की पुढचा शब्द त्याला हळूच पुरवायचा, एवढंच काम. उभ्या आयुष्यात ते स्टेजच्या उजेडात कधी गेले नाहीत, पण त्या नाटकांच्या व्हिडिओ कॅसेटी मात्र त्यांनी जिवापाड जपल्या. सहा वर्षांमागे बायको गेली आणि दीप्ती त्यांना नागपूरला घेऊन आली, तेव्हा सामानात भांडी कमी आणि कॅसेटी जास्त निघाल्या.

दीप्ती रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सकाळी सहाला निघायची, दुपारी दोनपर्यंत परत. दोन हिवाळे बसून तिने सगळ्या कॅसेटी आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवल्या. तिथून नाटक निघायचं आणि बैठकीतल्या टीव्हीवर उमटायचं. मध्ये तार नाही, सगळा वायफायचा कारभार. गोपाळरावांना या वस्तीत ना पार होता, ना ओळखीची दारं. दुपारचं नाटक हीच त्यांची चावडी. आणि आठ दिवस झाले, टीव्हीवर एकच ओळ येत होती: सर्व्हर सापडत नाही.

प्रशिकने चपला बाहेर काढल्या. रुमालाने हात पुसले, मगच रिमोटला हात लावला. दीप्तीने ते पाहून ठेवलं. तो थोडा वेळ टीव्हीपुढे मांडी घालून बसला, थोडा वेळ आतल्या कॉम्प्युटरपुढे, आणि मग हसत बाहेर आला.

“टीव्ही प्रयागकाकूंच्या वायफायवर आहे आणि कॉम्प्युटर तुमच्या. दोघं राहतात एका घरात, पण आहेत दोन घरचे.”

दीप्तीला आठवलं. मागे घरची इंटरनेटची लाईन बंद पडली होती, तेव्हा प्रयागबाईंनी आपला पासवर्ड देऊ केला होता. लाईन आली, पण टीव्ही तिकडेच रमला.

“म्हनजे नांदाले इकडे, आन् ध्यान माहेरी,” गोपाळराव म्हणाले.

प्रशिक खळखळून हसला. टीव्हीला त्याने सासरी आणलं, चहा घेतला, आणि पहिला अंक अर्धा होईपर्यंत उठला नाही.

*

पंधरा दिवसांनी लाईट गेली, आली, आणि टीव्ही पुन्हा आंधळा झाला. दीप्तीने फोन केला. आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला, तरी तिकडून तो म्हणाला, “पेरूवाल्या ना?” आणि तिला फोन कानापासून दूर धरून हसावं लागलं.

या वेळचा घोटाळा वेगळा होता. प्रशिकने तो गोपाळरावांनाच समजावून सांगितला. लाईट आली की राउटर घरातल्या यंत्रांना नव्याने नंबर वाटतो. ज्याला आधी जाग आली त्याला आधीचा. काल कॉम्प्युटर सात नंबरवर राहत होता, आज अकरावर गेला. टीव्ही बिचारा अजून सातचंच दार वाजवतो आहे.

गोपाळराव खाटेवर उठून बसले. आजवर पहिल्यांदाच कोणी यंत्राची गोष्ट त्यांच्या भाषेत बोललं होतं. घर बदललं तर पोस्टात सांगावं लागतं, ते म्हणाले. न सांगता गेलेल्यांची किती टपालं त्यांनी परत पाठवली होती, त्यात काही तर लग्नाच्या पत्रिका होत्या.

“त्याले पक्का पत्ता दे ना गा.”

“तेच करतो, काका. कोणता नंबर देऊ?”

“छप्पन दे.”

प्रशिकची बोटं थांबली. त्याने वर पाहिलं. छप्पन साली गोपाळरावांच्या आईवडिलांनी इथेच, नागपुरात, दीक्षा घेतली होती. गावाहून पायी आले होते. प्रशिकच्या घरचं तेव्हा कोण आलं होतं, कुठून आलं होतं, ते त्याने सांगितलं नाही आणि इकडून कोणी विचारलंही नाही. त्याने छप्पन टाकला. जाताना त्याच्या गाडीची मागची पाटी दीप्तीला दिसली. तिच्यावरचे शेवटचे दोन आकडे... पाच आणि सहा.

ती फाटकात जरा जास्तच वेळ उभी राहिली.

*

होळी झाली आणि घरोघरचे कूलर बाहेर निघाले. गोपाळरावांचा कूलर जुना, पत्र्याचा, पोटात साठ लिटर पाणी मावणारा. खिडकीत बसायचा नाही, म्हणून चाकांच्या स्टँडवर ठेवला होता. दुपारी दीप्ती तो बैठक आणि आतली खोली यांच्या मधल्या दारात ढकलायची, म्हणजे मागच्या व्हरांड्याची हवा ओढून तो बाबांच्या खाटेवर सोडायचा. आत जायला स्वयंपाकघरातून वाट होतीच. संध्याकाळी तो बाजूला सरकवायचा. दर वर्षी असंच चालायचं. फक्त मागच्या उन्हाळ्यापर्यंत बाबा नाटकं कॅसेटींवरच पाहायचे.

आणि एक रीत होती. या घरची म्हणा, नागपुरातल्या कुठल्याही घरची म्हणा. उन्हातून पाहुणा आला की पहिले कूलर त्याच्याकडे फिरवायचा. मग पाणी, मग नावगाव.

एप्रिलमध्ये नाटक अडकायला लागलं. सर्व्हर सापडायचा, नाटक सुरू व्हायचं, आणि ऐन वेळी चित्र थिजायचं. गोल चकरी फिरत राहायची. गोपाळरावांचं आवडतं नाटक होतं ते. तिसऱ्या अंकात आंधळी आई वीस वर्षांनी परतलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर हात फिरवायला जाते, आणि ओळखते. पण आता तिचा हात हवेतच राहायचा. मग गोपाळराव खाटेवरूनच, विंगेतल्या जुन्या सवयीने, हलक्या आवाजात शब्द पुरवायचे, “कोन... माह्या किसन?” बाई ऐकायची नाही. चकरी फिरतच राहायची.

दीप्तीने प्रशिकला बोलावलं. तो भर उन्हात आला. तिने धावत कूलर मधल्या दारातून ओढला, खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीकडे फिरवला, पाणी दिलं. आणि टीव्हीवरच्या आईने मुलाच्या गालावर हात ठेवला.

“चालून राहिलं की,” तो म्हणाला.

“आत्ता अडकलं होतं.”

त्याने सगळं तपासलं. पत्ता छप्पनच होता. वायफाय ठीक. कॉम्प्युटरमधली धूळ त्याने साफ केली. तो गेला, दीप्तीने कूलर जागेवर नेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा हात पुन्हा हवेत.

दुसऱ्यांदा तसंच झालं. तो आला, नाटक सुरू. त्याने टीव्हीमागची एक छोटी डबी बदलून पाहिली. तिसऱ्यांदाही तसंच... तो दारात उभा राहून कपाळाचा घाम पुसत होता, कूलरचा गार झोत त्याच्या शर्टात भरत होता, आणि टीव्ही अगदी शहाण्या मुलासारखा चालत होता.

भिंतीपलीकडे प्रयागबाई कुरड्या वाळत घालत होत्या. त्यांचा आवाज काही लहान नव्हता.

“तुमचा टीव्ही मोठा समजदार आहे वं, दीप्ती. पोट्टा दारात आला का सुरू, गेला का बंद.”

दीप्तीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. प्रशिक हसला. वाईट नव्हता हसला, पण हसला.

“माझ्यापुढे लाजते वाटते,” तो म्हणाला.

“म्हणजे मी खोटं बोलून राहिली?”

“असं कुठी म्हटलं मी...”

“म्हटलं नाही. हसले.”

वायर गुंडाळत त्याने गोपाळरावांना सांगितलं, की हैदराबादहून एका मोठ्या डेटा सेंटरचं बोलावणं आलं आहे. दोन वर्षांचं काम. महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. दुकान भाऊ पाहील. गोपाळरावांनी विचारलं, मग जातो का.

“इथं थांबायले तसं काही कारण नाही, काका,” प्रशिक म्हणाला. हे म्हणताना त्याने दीप्तीकडे पाहिलं नाही. त्याने कूलरकडे पाहिलं.

*

खरी अडचण दीप्तीची होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. बिघाड खरा होता. पण तो येणार असेल त्या दिवशी ती पिवळी ओढणी घेते, चहात आलं जरा जास्त किसते, हेही तितकंच खरं होतं. प्रयागबाई अगदीच खोटं बोलत नव्हत्या. आता पुन्हा फोन करावा, तर तो म्हणेल निमित्त काढते आहे. न करावा, तर शनिवार येणार आणि तो जाणार. तिला तो थांबायला हवा होता. पण खोटारडी ठरून नाही.

तिने फोन केला नाही. दहा दिवस केला नाही. गोपाळराव थिजलेल्या बाईपुढे बसून शब्द पुरवत राहिले.

लॅबमध्ये दीप्ती एक गोष्ट शिकली होती. जे रजिस्टरमध्ये नाही, ते झालंच नाही. तिने एक जुनी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, चालू की बंद, घरात कोण. रोज दुपारी, रोज संध्याकाळी लिहिलं. दुपारी दोन चाळीस, बंद. सव्वातीन, बंद. संध्याकाळी सात, चालू. मग मागच्या तारखा आठवून त्याही भरल्या. त्यात तीन ओळी अशा आल्या: दुपार, चालू, घरात प्रशिक. एवढ्या तीनच दुपारी चालू, बाकी सगळ्या बंद. त्या ओळींवरून पेन थोडा वेळ अडखळत राहिलं. त्या गाळल्या असत्या तर प्रयागबाईंच्या बोलण्याला आधार उरला नसता. पण रजिस्टर ते रजिस्टर. तिने त्या तशाच ठेवल्या.

गुरुवारी कामावरून येताना ती त्याच्या दुकानात गेली आणि वही त्याच्यापुढे ठेवली. तो उभ्यानेच वाचत गेला. एका जागी थांबला, बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

“हे तं काकू म्हणतात तेच लिहिलं तुम्ही.”

“जे झालं ते लिहिलं,” ती म्हणाली. “उद्या दोन वाजता या. मी बोलावते म्हणून नको... पुरावा पाहाले या.”

“उद्या शुक्रवार. परवा मले हैदराबादले कळवायचं आहे.”

“माहीत आहे मले.”

त्याने वही परत दिली नाही. खिशातला रुमाल काढून काउंटर पुसलं, आणि वही त्या पुसलेल्या जागी ठेवली.

*

शुक्रवारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं. डांबर मऊ झालं होतं. प्रशिक आला तेव्हा त्याचा चेहरा तांबडालाल आणि तोंडाला दुपट्टा बांधलेला. गोपाळराव नाटकात गुंगले होते. तिसरा अंक लागला होता, मुलगा दारात येऊन उभा होता. दीप्ती नेहमीसारखी कूलरकडे धावली.

“राहू दे वं,” गोपाळराव टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले. “किती वेळा ते गाडं वढशीन? तो का आता पाहुना आहे? ये गा, माह्या बाजूले बस. हवा इथंच लागते.”

दीप्तीचा हात कूलरच्या पत्र्यावरच राहिला. प्रशिकने दुपट्टा सोडला, आणि खाटेच्या कडेला, गोपाळरावांना लागून बसला. एवढ्या दिवसांत तो या बाजूला कधी बसला नव्हता.

आंधळ्या आईने हात उचलला... आणि तो हवेत राहिला. चकरी फिरायला लागली.

दीप्तीला वाटलं, आपण आता रडतो की हसतो. एवढ्या आनंदाने तिने कधी कुठला बिघाड पाहिला नव्हता.

“पाहा,” ती हळूच म्हणाली. “पाहून घ्या आता.”

प्रशिक पाहत होता, पण टीव्हीकडे नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवरून त्याला दर वेळी मधलं दार उघडं दिसायचं, आणि आतल्या खोलीतला राउटरचा हिरवा दिवा दिसायचा. इथून दिवा दिसत नव्हता. मध्ये कूलर होता. तो उठला, स्टँडला धरून त्याने कूलर दोन हात बाहेर ओढला. आईचा हात मुलाच्या गालावर पडला. त्याने कूलर पुन्हा दारात ढकलला. हात पुन्हा अडला. ओढला, चालू. ढकलला, बंद.

“अरे बाबू, त्या मायले किती डाव ओळखाले लावशीन,” गोपाळराव म्हणाले.

प्रशिक कूलरच्या टाकीवर हात ठेवून हसत होता, आणि घाम त्याच्या हनुवटीवरून ठिबकत होता. त्याने सांगितलं ते अगदी साधं होतं. वायफाय भिंतीतून जातं, थोडं दमतं, पण जातं. पत्र्यातून आणि पाण्यातून मात्र त्याला पार होता येत नाही. भरलेला कूलर मधल्या दारात उभा, म्हणजे राउटर आणि टीव्हीच्या मध्ये पाण्याची भिंतच. संध्याकाळी कूलर बाजूला सरतो, नाटक चालतं. आणि तो स्वतः आला, की...

“मी आलो का तुम्ही कूलर माझ्याकडे फिरवता,” तो म्हणाला. “दार मोकळं होते.”

दीप्ती मटकन खुर्चीवर बसली.

“पाहुणचारच नडला म्हणा.”

“तीन वेळा आलो. तीन वेळा तुम्ही मले गार हवा देल्ली, आन् मी म्हटलं टीव्ही लाजते.” तो थांबला. “चुकलंच माझं.”

मग तो दुकानात जाऊन तारेचं भेंडोळं घेऊन आला. राउटरपासून टीव्हीपर्यंत, दाराच्या चौकटीवरून, त्याने एक बारीक पांढरी तार ओढली. खिळे ठोकताना दीप्तीने स्टूल धरलं होतं. एक खिळा त्याच्या हातून खाली पडला, तिने उचलून दिला. त्या देण्या-घेण्याला जरा जास्त वेळ लागला. चार वाजता काम झालं. कूलर मधल्या दारात उभा होता आणि टीव्हीवर नाटक बिनधास्त चाललं होतं.

“आता नाही अडकणार,” प्रशिक उरलेली तार गुंडाळत म्हणाला. “मी आलो काय आन् न आलो काय.”

तार हातभर उरली होती. तेवढी गुंडाळायला त्याला भलताच वेळ लागत होता.

दीप्ती ताकाचा पेला घेऊन उभी होती. पेल्याच्या बाहेरून थेंब घरंगळत होते.

“बिघाड खरा होता,” ती म्हणाली.

“हो.”

“मी खोटं बोलत नव्हती.”

“ते मले कालच समजलं. कूलर तं आज सापडला.” त्याने पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिलं. “माझ्या तीन ओळी काढून टाकल्या असत्या तं वही तुमच्या बाजूनं झाली असती. तुम्ही नाही काढल्या. रात्रभर तेच पान पाहत होतो मी...”

कूलरचा पंप टपटपत होता. वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला होता. दीप्तीला पुढे काय बोलायचं ते ठाऊक होतं. दहा दिवस ठाऊक होतं. पण शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा.

“पण...” ती म्हणाली, आणि अडली.

टीव्हीवर नाटक चालू होतं. तिथे कोणीच अडलं नव्हतं. गोपाळरावांनी मान वळवली नाही, डोळेही हलवले नाहीत. तीस हिवाळे अंधारात बसून ज्या आवाजाने त्यांनी नटांना पुढे ढकललं होतं, त्याच हलक्या आवाजात ते म्हणाले,

“...पन बिघाड नसता तरी...”

दीप्तीने डोळे मिटून घेतले. मग उघडले.

“पण बिघाड नसता तरी मी बोलावलं असतं,” ती म्हणाली.

प्रशिकच्या हातातलं भेंडोळं सुटलं आणि तार सरसर उलगडत जमिनीवर पसरली. तो ती उचलायला वाकला नाही.

“मले थांबायले एक कारण पाहिजे होतं,” तो म्हणाला. “टीव्हीचं तं मी आताच माझ्या हातानं संपवलं.”

“संपू दे ते.” तिने पेला त्याच्या हातात दिला. “उद्या ये. असाच ये... काही न बिघडता.”

तुम्हीचं तू कधी झालं, ते तिला तो फाटकाबाहेर गेल्यावर कळलं.

*

शनिवारी दोन वाजता तो आला. खांद्याला अवजारांची पिशवी नव्हती, आणि त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. हैदराबादला त्याने सकाळीच फोन करून नाही म्हटलं होतं. ते दीप्तीला त्याने फाटकात, चपला काढायच्या आधी सांगितलं. तिने फक्त मान हलवली. ओढणी पिवळी होती.

भिंतीपलीकडून प्रयागबाईंनी विचारलंच, “आज काय बिघडलं गा?”

“काही नाही, काकू,” प्रशिक म्हणाला. “सगळं चालू आहे.”

“मंग कायले आला?”

त्याने दीप्तीकडे पाहिलं. दीप्तीने त्या रिकाम्या फांदीकडे पाहिलं, जिला आता नुसती पानं होती.

“पेरूचा मोसम येईपर्यंत राखण कराले आला तो, काकू,” ती म्हणाली. “कॅमेऱ्याले फांदी दिसत नाही.”

पलीकडे प्रयागबाईंनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, नंतर फांदीकडे. मग त्यांना सगळंच समजलं, पेरूंचंही, आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की कुरड्यांवर टपलेल्या चिमण्या उडाल्या.

आत तिसरा अंक लागला होता. आंधळ्या आईने हात उचलला, मुलाच्या गालावर ठेवला, आणि न अडखळता त्याला ओळखलं. गोपाळराव खाटेवर जरा सरकले. प्रशिक त्या मोकळ्या झालेल्या जागेत बसला.

कूलर कोणी फिरवला नाही.